ॲपवर ‘तक्रार बंद’ झाल्यानंतर गोव्यातील ग्राहकापुढचे मार्ग

डिचोली तालुक्यातील एका शिक्षिकेने पत्रातून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. चवथीच्या आधीच्या सवलतीत त्यांनी एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून मुलीसाठी ५२,००० रुपयांचा लॅपटॉप मागवला. खोका उघडल्यावर आत वापरलेला आणि कमी क्षमतेचा लॅपटॉप निघाला. त्यांनी त्याच दिवशी ॲपवर तक्रार नोंदवून छायाचित्रे पाठवली. काही दिवसांनी ‘आमच्या चौकशीनुसार योग्य वस्तू पोहोचवण्यात आली आहे, आपली तक्रार बंद करण्यात येत आहे’ असे उत्तर आले, आणि पुन्हा तक्रार केल्यावर तेच वाक्य परत आले. फोनवरच्या प्रतिनिधीने सद्भावना म्हणून २,००० रुपये कंपनीच्या वॉलेटमध्ये जमा करण्याची तयारी दाखवली आणि अटींनुसार वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात नेता येईल, असेही ऐकवले. पत्रात आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: मोफत चाचणीसाठी घेतलेल्या एका शैक्षणिक ॲपची वर्गणी दर महिन्याला खात्यातून कापली जाते, आणि मांद्रे येथे होमस्टे चालवणाऱ्या त्यांच्या भावाचे एका आरक्षण संकेतस्थळावरील खाते गोठवून पाहुण्यांचे आगाऊ पैसे अडवून ठेवले आहेत.

मी गोव्यातील ग्राहक आयोगांपुढे ग्राहकांच्या बाजूने वकिली करतो, आणि अशा बहुतेक प्रकरणांत ग्राहक आयोगापर्यंत पोहोचण्याआधीच हरलेला असतो, असे माझे निरीक्षण आहे. कायदा त्याच्या विरोधात असतो म्हणून तो हरत नाही. कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाने दिलेले उत्तर हाच निकाल आहे असे मानून तो गप्प बसतो, म्हणून हरतो. त्या उत्तराची भाषा मुद्दाम तशी केलेली असते: ‘चौकशी’, ‘निर्णय’, ‘अंतिम’, ‘बंद’. प्रत्यक्षात ते वादातल्या एका पक्षाने स्वतःच्या बाजूने केलेले विधान असते, आणि त्याची कायदेशीर किंमत उधारी नाकारणाऱ्या माणसाच्या ‘मी काही देणे लागत नाही’ या वाक्याइतकीच असते. ती ‘चौकशी’ कोणी केली, कोणते कागद पाहिले, गोदामातून नेमका कोणता अनुक्रमांक बाहेर पडला, यांपैकी काहीही त्यात लिहिलेले नसते. आपण ते उत्तर जपून ठेवावे, कारण पुढे ते आपल्याच कामी येणार आहे. मात्र त्याला मान तुकवू नये.

बेंगळुरूचा मुद्दा आधी निकालात काढू. १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार साधारणपणे विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा जिथे वादाचे कारण घडले, तिथे करावी लागे, आणि ऑनलाइन खरेदीत ‘कारण कुठे घडले’ यावरच महिनोन्‌महिने वाद चाले. २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच्या कलम ३४ ने हा प्रश्न मिटवला: तक्रारदार जिथे राहतो किंवा पोटापाण्यासाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते. डिचोलीच्या रहिवाशाला त्यामुळे उत्तर गोवा जिल्हा आयोगाचे दार उघडे आहे. ग्राहकाला कायद्याने दिलेला हा हक्क कंपनीने आपल्या अटींच्या कोठल्याशा परिच्छेदात लिहिलेल्या ओळीने हिरावला जात नाही. अटींमध्ये लवादाचे कलम, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी निवाडाकर्त्याकडे नेण्याची अट, असेल तरी तेच. एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले की लवादाचा करार असला तरी ग्राहक मंचाचा (म्हणजे आताच्या ग्राहक आयोगाचा) मार्ग बंद होत नाही. तो निकाल जुन्या कायद्याखालचा होता; ग्राहक कायदा इतर कायद्यांना पूरक आहे, या तत्त्वावर ही सगळी मांडणी उभी आहे आणि नव्या कायद्याचे कलम १०० तेच सांगते. प्रतिनिधीने फोनवर जे सांगितले ते त्याच्यापुढच्या पडद्यावर लिहिलेले असेल. त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही.

आता मूळ हक्क. ई-कॉमर्ससंबंधीचे ग्राहक संरक्षण नियम २३ जुलै २०२० रोजी अधिसूचित झाले. वस्तू सदोष असेल, बनावट असेल किंवा जाहिरातीत वर्णन केल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही, असे त्यांत म्हटले आहे. सात दिवसांची ‘परतीची मुदत’ जी कंपन्या सांगतात ती त्यांच्या सोयीची व्यवस्था आहे. रंग आवडला नाही, माप बसले नाही, अशा परतीला ती लागू करणे मी समजू शकतो. सांगितलेली वस्तूच दिली नाही, तर तो हक्क सात दिवसांत संपत नाही. आयोगाकडे जाण्याची मुदत कलम ६९ प्रमाणे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. असे असले तरी दोन वर्षे आहेत म्हणून निवांत राहणे वेडेपणाचे ठरेल, कारण पुरावा त्याच्या कितीतरी आधी विरून जातो.

पुराव्याच्या बाबतीत मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण प्रकरण इथेच जिंकले किंवा गमावले जाते. कंपनीचा नेहमीचा बचाव ठरलेला असतो: ‘ग्राहकाने ओटीपी देऊन वस्तू स्वीकारली.’ ओटीपीने खोका हाती पडल्याचे सिद्ध होते, खोक्यात काय होते ते सिद्ध होत नाही, हे उत्तर बरोबर असले तरी ते एकटे पुरेसे ठरत नाही. खोका उघडतानाचे चित्रण असेल तर उत्तम; त्यात कुरिअरचे लेबल, न फाडलेली टेप आणि मग आतली वस्तू एकाच अखंड चित्रणात दिसली पाहिजे. आपल्याकडे तसे चित्रण नाही, असे पत्रावरून दिसते. ते नसल्याने प्रकरण बुडत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत वस्तू स्वतःच साक्षीदार असते. खोक्यावरचा अनुक्रमांक, लॅपटॉपच्या तळाशी चिकटवलेला अनुक्रमांक आणि यंत्र सुरू केल्यावर प्रणालीत दिसणारा अनुक्रमांक असे तीन क्रमांक शेजारी शेजारी ठेवून छायाचित्र काढा. बिलावर क्रमांक छापलेला असेल तर तो चौथा. तो अनुक्रमांक उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की हमीची तारीख कधीपासून चालू झाली ते दिसते. ती आपल्या खरेदीच्या आधीची निघाली तर यंत्र नवे नव्हते हे उत्पादकाच्याच नोंदीतून बाहेर येते. विंडोज प्रणालीत बॅटरीचा अहवाल काढण्याची सोय आहे आणि बॅटरीचा पूर्वी कधी व किती वापर झाला याच्या खुणा त्यात उमटलेल्या असतात. हे सगळे घरी पाहा, पण त्यावर थांबू नका. उत्पादकाच्या अधिकृत सेवा केंद्रात यंत्र घेऊन जा आणि दुरुस्ती न करता केवळ तपासणी करून जॉब शीट मागा. अनुक्रमांक, मेमरी व साठवणक्षमता, हमी सुरू झाल्याची तारीख आणि यंत्राची बाह्य स्थिती त्या कागदावर लिहून घ्या, वर केंद्राचा शिक्का घ्या. तिऱ्हाईताने लिहिलेला तो एक कागद आपल्या पन्नास छायाचित्रांपेक्षा वजनदार ठरतो. विरुद्ध पक्षाने तरीही वाद घातलाच, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे तपासणीस पाठवू शकतो.

पडद्याच्या छायाचित्रांबद्दल एक सूचना. ग्राहक बहुधा फक्त संवादाचा तुकडा टिपतात, आणि त्यात ना तारीख दिसते, ना ऑर्डर क्रमांक, ना कोणाशी बोलणे झाले ते. त्याऐवजी संपूर्ण संभाषण ईमेलने स्वतःकडे पाठवून घ्यावे, आणि ॲपमध्ये ती सोय नसेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पडदा सरकवत चित्रण करावे. वस्तूच्या विक्रीपानाचीही प्रत काढून ठेवा, कारण विक्रेता ते पान बदलतो किंवा काढून टाकतो, आणि मग ‘जाहिरातीत काय म्हटले होते’ याचाच पुरावा राहत नाही. आयोगापुढे पुराव्याचे नियम दिवाणी न्यायालयाइतक्या काटेकोरपणे पाळले जात नाहीत. तरीही इलेक्ट्रॉनिक कागदांसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, म्हणजे ती नोंद अस्सल असल्याचे, प्रमाणपत्र जोडण्याची सवय मी सोडलेली नाही, कारण पुढे अपिलात हाच मुद्दा उकरून काढला जातो. आणि कृपा करून रागाच्या भरात त्या बाजारपेठेवरील आपले खाते बंद करू नका. खात्याबरोबर ऑर्डरचा सगळा इतिहास जातो.

यानंतरचे पाऊल म्हणजे ग्राहक सेवेकडून तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाणे. हे दोन वेगळे आहेत आणि ही गोष्ट कंपन्या आवर्जून सांगत नाहीत. प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव, पद आणि संपर्क संकेतस्थळावर दाखवणे बंधनकारक आहे. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तक्रार मिळाल्यापासून एका महिन्यात तिचे निवारण करावे, असा नियम आहे. ॲपमधील ‘मदत’ या बटणाखाली हा माणूस सापडत नाही. संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडतो. त्याला ईमेल लिहा, आणि तेच पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा. पत्र एका पानाचे असावे: काय मागवले, काय आले, केव्हा कळवले, काय उत्तर मिळाले, आता काय हवे आणि किती दिवसांत हवे. त्यात कादंबरी नको आणि शिवीगाळ तर मुळीच नको. त्याच पत्रात विक्रेत्याचे कायदेशीर नाव व मुख्य कार्यालयाचा पत्ता लेखी मागा. खरेदी केलेल्या ग्राहकाने लेखी मागणी केल्यास विक्रेत्याची ही माहिती देणे बाजारपेठ चालवणाऱ्या कंपनीवर बंधनकारक आहे. तिने ती दिली नाही, तर तेही आपल्या तक्रारीतले एक स्वतंत्र वाक्य होते.

‘आम्ही केवळ मध्यस्थ आहोत, विक्रेता वेगळा आहे’ हा बचाव प्रत्येक लेखी उत्तरात पहिल्या पानावर असतो. तो पूर्णपणे पोकळ आहे, असे मी म्हणणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थांना संरक्षण आहे आणि काही प्रकरणांत त्याचा उपयोग होतो. पण ज्या कंपनीने पैसे स्वीकारले, स्वतःच्या गोदामातून खोका पाठवला, परतीची मागणी स्वतः तपासली आणि स्वतःच नाकारली, तिने नंतर ‘आमचा संबंध नाही’ म्हणणे मला मान्य होण्यासारखे वाटत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये अनिवार्य मानकांत न बसणारे प्रेशर कुकर विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला १ लाख रुपयांचा दंड केला आणि त्या बाजारपेठेवरून विकल्या गेलेल्या २,२६५ कुकरांच्या ग्राहकांना कळवून कुकर परत घेण्याचा व पैसे देण्याचा आदेश दिला. प्रत्येक विक्रीवर कंपनी शुल्क कमावत होती, हा त्यामागचा महत्त्वाचा मुद्दा होता. आपल्या प्रकरणात बाजारपेठ आणि विक्रेता या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. उत्पादकाला ओढण्याचे कारण नाही. तक्रार त्याच्या यंत्रातील बिघाडाची नाही, मागवलेल्या यंत्राऐवजी दुसरेच पाठवल्याची आहे. ज्याच्याविरुद्ध काही मागणेच नाही अशाला गोवून पहिली सुनावणी लांबवण्याची चूक अनेक जण करतात.

२,००० रुपयांच्या वॉलेटबद्दल: घेऊ नका. रक्कम स्वीकारताना ज्या बटणावर बोट ठेवले जाते त्याच्या शेजारी ‘तक्रारीचे संपूर्ण व अंतिम निवारण’ असे शब्द बहुधा असतात. शिवाय कंपनीच्या वॉलेटमधला परतावा म्हणजे त्याच दुकानात पुन्हा खरेदी करण्याची सक्ती होय. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने ओला कंपनीला, परतावा बँक खात्यात हवा की कूपनच्या रूपात, हे ठरवण्याची मुभा ग्राहकाला देण्याचा आदेश दिला होता. (गोव्यात ॲप-टॅक्सीचा विषय काढला की चर्चा भलतीकडे जाते, म्हणून त्यातले तत्त्व तेवढे घेतो.) मूळ रक्कम ज्या मार्गाने दिली त्याच मार्गाने परत मागावी.

पत्र पाठवल्यावर महिनाभर हातावर हात ठेवून बसायचे नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. मोठ्या कंपन्या या व्यवस्थेशी जोडलेल्या असल्याने तक्रार थेट त्यांच्या वरच्या टेबलावर जाते आणि कित्येकदा ॲपने सहा वेळा नाकारलेला परतावा तिथे मुकाट्याने मिळतो. मात्र ही मध्यस्थी आहे, तिथून आदेश निघत नाही, आणि तिच्यामुळे दोन वर्षांची मुदत थांबत नाही. आपल्या राज्यात गोवाकॅनसारख्या संघटनेने ग्राहक चळवळ दीर्घकाळ जागती ठेवली आहे. पत्र कसे लिहावे इथपासून अडत असेल तर अशा ठिकाणी विचारण्यात कमीपणा मानू नये.

महिना उलटूनही पैसे आले नाहीत, तर तक्रार दाखल करा. वस्तूपोटी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचा अधिकार असतो, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य आहे. शुल्क आणि अधिकारक्षेत्र दोन्ही आता दिलेल्या मोबदल्यावर ठरतात, मागितलेल्या भरपाईवर ठरत नाहीत. याचा गैरफायदा घेऊन मानसिक त्रासापोटी पाच-दहा लाख मागण्याचा मोह अनेकांना होतो, आणि त्याने तक्रारीचे गांभीर्य कमी होते, असे माझे स्पष्ट मत आहे. ५२,००० रुपये व्याजासह, तपासणीचा आणि पत्रव्यवहाराचा खर्च, त्रासापोटी समंजस रक्कम आणि दाव्याचा खर्च एवढे मागा. मुलीच्या अभ्यासासाठी मधल्या काळात दुसरा लॅपटॉप भाड्याने घ्यावा लागला असेल तर त्याची पावती जोडा. आलेला लॅपटॉप दुरुस्तीला देऊ नका, विकू नका, आणि खोकाही टाकू नका.

तक्रार १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या शासकीय व्यवस्थेतून घरबसल्या भरता येते आणि सुनावणीला दृक्‌श्राव्य माध्यमातून हजर राहण्याची विनंतीही करता येते. वकील लावणे सक्तीचे नाही. लावायचाच असेल आणि खर्चाची अडचण असेल, तर हे ध्यानात ठेवा की विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. माझ्याच व्यवसायाचे नुकसान करणारी ही माहिती मी आनंदाने देतो.

वेळेबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. तक्रार स्वीकारायची की नाही याचा निर्णय सामान्यतः २१ दिवसांत व्हावा, विरुद्ध पक्षाने ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, आणि तपासणीची गरज नसलेले प्रकरण ३ महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. यांपैकी लेखी उत्तराची मुदत खरोखर कडक आहे. ४५ दिवसांपलीकडे आयोगाला ती वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवले आहे, म्हणून नोटीस बजावल्याची तारीख स्वतः टिपून ठेवा आणि मुदत उलटताच आयोगाच्या नजरेस आणा. तीन महिन्यांचे वचन मात्र कागदावरच राहते. तारखा पडतात, सदस्यांची पदे रिकामी राहतात, परगावचा वकील पुढची तारीख मागतो. कंपनीची खरी भिस्त यावरच असते. पण दुसरी बाजूही पाहा: ५२,००० रुपयांच्या वादासाठी गोव्यात वकील उभा करणे कंपनीला परवडत नाही, आणि म्हणून नोटीस बजावल्यानंतर पहिल्या-दुसऱ्या तारखेआधी तडजोडीचा फोन येणे हे या क्षेत्रातले नित्याचे दृश्य आहे. तडजोड करावी, फक्त ती आयोगापुढे लेखी नोंदवून करावी. आदेश झाल्यावर कंपनीला अपील करायचे असेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे जावे लागते आणि आदेशातील रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असे झाले तर कलम ७१ प्रमाणे वसुली आणि कलम ७२ प्रमाणे किमान एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, हा मार्ग आहे.

वर्गणीचा प्रश्न सोपा आहे आणि त्यात आयोगापर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही. मोफत चाचणी सुरू करताना आपण यूपीआय किंवा कार्डावर आपोआप पैसे कापण्याची परवानगी दिलेली असते. ती ॲप काढून टाकल्याने रद्द होत नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. आपल्या यूपीआय ॲपमधील ऑटोपेच्या यादीत, किंवा कार्ड असेल तर बँकेकडे, ती परवानगी रद्द करा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशी प्रत्येक कपात होण्याच्या किमान २४ तास आधी सूचना मिळाली पाहिजे. ती मिळाली नसेल तर बँकेकडे लेखी तक्रार करा आणि ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. सुरुवात एका बोटाने आणि शेवट मात्र ग्राहक सेवेला तीन ईमेल पाठवून, असा हा सापळा आता नियमबाह्य आहे. केंद्रीय प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत अशा तेरा प्रकारांची यादी आहे आणि वर्गणीचा सापळा त्यात नावानिशी आहे. कंपनीला पाठवायच्या पत्रात त्याचा उल्लेख करा. माझ्या अनुभवात मागच्या एक-दोन महिन्यांची रक्कम तेवढ्यावरही परत येते.

भावाचा प्रश्न या तिन्हींत सर्वांत अवघड आहे. ग्राहक कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला संरक्षण देत नाही. अपवाद एवढाच की ती सेवा केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली असावी. स्वतःच्या घरातील दोन-तीन खोल्या कुटुंबानेच चालवत असाल तर हा अपवाद लागू पडतो, असा युक्तिवाद करता येईल, आणि मी तो करीनही. पण नोकर ठेवलेले असतील, दुसऱ्याचे घर भाडेपट्ट्याने घेतले असेल, तर आयोग दारातूनच परत पाठवण्याची शक्यता मोठी आहे, आणि मग दिवाणी न्यायालयाचा लांबचा रस्ता उरतो. बाजारपेठांच्या अशा वागण्याची दखल कुठेच घेतली जात नाही असे नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबो यांना २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, आणि त्या प्रकरणात प्रतिस्पर्धी हॉटेल साखळ्यांना यादीतून वगळणे हाच एक मुद्दा होता. परंतु स्पर्धा आयोग बाजाराची शिस्त पाहतो. मांद्रेच्या एका होमस्टेचे अडकलेले पैसे सोडवणे हे त्याचे काम नव्हे.

त्यामुळे भावाने आधी आपली बाजू निर्दोष करावी. गोवा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा १९८२ खालील पर्यटन खात्याची नोंदणी चालू आहे का, नूतनीकरण राहून गेले आहे का, ते पाहावे; खाते गोठवण्याचे कारण कधी कधी एवढेच निघते आणि प्रमाणपत्राची प्रत चढवल्यावर ते खुले होते. तसे नसेल तर खाते गोठवण्याचे कारण आणि अडवलेल्या रकमेचा आरक्षणनिहाय हिशेब लेखी मागावा. आणि एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: ज्या पाहुण्यांनी आगाऊ पैसे भरले ते निःसंशय ग्राहक आहेत आणि पुणे असो वा हुबळी, त्यांना आपापल्या जिल्ह्यात तक्रार करता येते. त्यांची बाजू भावाच्या बाजूपेक्षा कितीतरी भक्कम आहे. त्यांच्याशी फोनवर हुज्जत घालण्याऐवजी भावाने प्रत्येकाला एक छोटे पत्र द्यावे: अमुक तारखेचे आरक्षण मान्य होते, अमुक रक्कम संकेतस्थळाकडे जमा आहे, ती माझ्यापर्यंत आलेली नाही. हे पत्र पाहुण्याच्या हाती असले की पैसे नेमके कोणाकडे आहेत याबद्दल संकेतस्थळाला यजमानाकडे बोट दाखवता येत नाही.